भुलेची खोली आणि मेंदूच्या लहरी

महोदय,

स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेदरम्यान हलता येत नाही, त्यामुळे तो अर्धवट शुद्धीवर असला तरी केवळ नाडी व रक्तदाब पाहून ते खात्रीने ओळखता येत नाही. कपाळावर चिकटवलेल्या पट्टीतून मेंदूच्या विद्युतलहरी टिपून त्यांचे ० ते १०० मधील एका आकड्यात (आकडा जितका जास्त, तितका रुग्ण अधिक जागा) रूपांतर करणारे ‘बीआयएस’ यंत्र येथे उपयोगी पडते. पूर्ण भुलेत हा आकडा साधारणपणे ४० ते ६० असावा, असे मानले जाते. मात्र त्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. केटामाइन हे भुलेचे औषध दिल्यावर तो चढतो, कपाळाच्या स्नायूंच्या हालचालीनेही फसतो. आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॅग-रिकॉल’ चाचणीत, उच्छ्वासातील भूलवायूचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीपेक्षा तो रुग्णाला मध्येच येणारी जाग टाळण्यात सरस ठरला नाही. शिरेतूनच संपूर्ण भूल दिली जाते तेव्हा मात्र उच्छ्वासात मोजण्यासारखे काही नसते, म्हणून अशा शस्त्रक्रियांसाठी हे यंत्र आधी उपलब्ध व्हावे. सरसकट सक्ती केल्यास एकदाच वापरायच्या त्या पट्टीचा खर्च (तो काही थोडाथोडका नसतो) अखेर रुग्णाच्याच बिलात चढेल.

– एक भूलतज्ज्ञ, नाशिक