एकच टायर बदलण्याचा सल्ला कोणत्या गाडीसाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या देखभालीवरचा पानभर लेख वाचला. रात्री पुन्हा काढून वाचला, कारण पहिल्या वाचनात माझा विश्वासच बसला नव्हता. ‘एक टायर फाटला तर एकच बदला. चारही बदलायला सांगणारा तुमचा खिसा कापतो आहे,’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक टायपात छापले आहे. त्याखाली पुन्हा ‘वॉरंटी चालू असेपर्यंत निर्धास्त राहा’. या दोन्ही वाक्यांवर विसंबल्यामुळे काय होते ते मी अलीकडेच भोगले आहे. म्हणून हे पत्र.

लेखकाने एक साधा प्रश्न विचारलेला नाही: इंजिनची ताकद गाडीच्या दोनच चाकांना जाते की चारही? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि एकाच नावाने विकल्या जातात. फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी असेल तर जोडीने दोन टायर बदलून भागते, आणि ते नवे दोन मागे घालायचे असतात. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि मग कसलेला चालकही तिला आवरू शकत नाही. लेखात हेसुद्धा नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा आहे, आणि माझी गाडी नेमकी तीच आहे.

रस्त्याच्या कडेच्या धारदार दगडाने माझ्या मागच्या टायरची बाजूची भिंत चिरली. अशा चिरेला पंक्चर काढून उपयोग नसतो. दुरुस्ती होते ती जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातच. गाडी उचलून अधिकृत सेवा केंद्रात न्यावी लागली. तिथल्या सल्लागाराला मी स्वतः विचारले, बाकीचे तीन निम्मे झिजले आहेत, एकच नवा चालेल का? ‘काही हरकत नाही, मॅडम,’ असे उत्तर मिळाले. जॉब कार्डावर त्याच्याच अक्षरात ‘मागील डावा टायर, एक नग, नवीन’ असे लिहिले आहे. ते कार्ड मी जपून ठेवले आहे.

गाडी बाहेर काढताच हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागला. सल्लागाराने एक बटण दाबून तो घालवला आणि नवा टायर घातला की असे होतेच, म्हणाला. हे का होते ते मला नंतर समजले. माझ्या गाडीत टायरच्या आत सेन्सर नाहीत. ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजणारी जी यंत्रणा असते, तीच कोणते चाक इतरांपेक्षा वेगळे फिरते आहे यावरून हवेचा अंदाज बांधते. म्हणजे चाकांचे घेर सारखे नाहीत हे गाडीने पहिल्या मिनिटाला सांगितले होते, आणि जाणकार माणसाने तिला गप्प केले.

घेरातला हा फरक किरकोळ नसतो, हे लेखकाने कागद-पेन्सिल घेऊन पडताळावे. टायरवर २१५/६० आर १७ असे लिहिलेले असेल तर रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के आणि रिम १७ इंच. नव्या टायरचा व्यास साधारण ६९० मिलिमीटर भरतो. नव्याची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. ती ४ वर आली की व्यास ८ मिलिमीटरने घटतो आणि घेर सुमारे २५ मिलिमीटरने. त्यामुळे नवे चाक एका किलोमीटरला साधारण ४६१ फेरे घेते, तर झिजलेले ४६६ ते ४६७. दर किलोमीटरला पाचेक फेऱ्यांचा फरक, तोही सरळ रस्त्यावर, न थांबता. मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीला, तो अखंड सोसावा लागतो. शिवाय मागच्या दोन चाकांची सरासरी पुढच्या चाकांशी जुळत नाही, म्हणून मागे ताकद पोचवणाऱ्या कपलिंगच्या क्लच चकत्या एकमेकींवर घासत राहतात. चाक घसरले तर मदतीला धावावे यासाठी ही यंत्रणा बनवलेली असते. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तिच्या लेखी एक चाक कायमच घसरत असते. तेल तापते, काळे पडते, चकत्या जळतात.

माझ्या गाडीचे हेच झाले. आधी गाडी लावताना, पूर्ण स्टिअरिंग वळवले की मागून घरघर यायची आणि गाडी कोणीतरी धरून ठेवल्यासारखी अडखळायची. मग इशाऱ्याचा दिवा लागला. त्याच सेवा केंद्रात गेले. वॉरंटी चालू होती, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर आणि तिथेच झालेल्या होत्या. कपलिंग उघडले, तेल दाखवले, खोली मोजायचे माप टायरच्या खाचांत घातले आणि लेखी उत्तर दिले: चारही टायरच्या झिजेत कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त फरक, त्यामुळे हा बिघाड वॉरंटीत बसत नाही. टायर घालणारे तेच, दिवा विझवणारे तेच आणि क्लेम नाकारणारेही तेच. मी जॉब कार्ड पुढे केले तेव्हा व्यवस्थापकाने पुस्तिकेचे पान उघडून दाखवले. ती अट खरेच तिथे आहे. पण ती टायरच्या प्रकरणात, स्टेपनी कशी बसवावी याच्या खाली आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही. ग्राहकाने ती वाचावी अशी अपेक्षा असेल, तर तिथे नोकरी करणाऱ्याने ती आधी वाचायला हवी होती. मी कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे आणि ती तडीस नेणार आहे.

संपादक महोदय, काही कंपन्या चार टायरमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपासच फरक चालवून घेतात. तेव्हा चारही टायर बदलायला सांगणारा दुकानदार प्रत्येक वेळी लबाड नसतो. चार घेणे परवडत नसेल तर नवा टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या बरोबरीला आणायची सोय काही ठिकाणी असते. निदान तेवढे तरी लेखात हवे होते. दर सर्व्हिसिंगला टायरची जागा फिरवून घेतली तर चारही एकसारखे झिजतात, हेही हवे होते. माझी तक्रार लेखकाच्या हेतूबद्दल नाही. लोकांचे पैसे वाचावेत असेच त्यांना वाटत असणार. पण या सल्ल्याने टायरचे पैसे वाचतात आणि त्याच्या कित्येक पट कपलिंगला जातात.

वॉरंटीबद्दलही तसेच. लेखात ‘वॉरंटी’ एकच वस्तू असल्यासारखी वावरते. प्रत्यक्षात गाडीसोबत कागदांचा गठ्ठा येतो. संपूर्ण गाडीची वेगळी, इंजिन-गिअरबॉक्सची वेगळी, गंजाची वेगळी, बॅटरीची बहुधा वेगळी. टायरची तर गाडी बनवणारी कंपनी सहसा देतच नाही. ती टायर कंपनीची असते आणि जितकी नक्षी उरली तितकाच मोबदला मिळतो. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट यांची झीज त्यात येत नाही. ‘वर्षे किंवा किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते’ ही ओळ तर भरपूर फिरणाऱ्याची निम्मी मुदत खाऊन टाकते. आणि शोरूममध्ये आग्रहाने विकली जाणारी वाढीव वॉरंटी पुष्कळदा कंपनीची नसतेच, तिसऱ्याच कोणाशी केलेला तो करार असतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली: बाहेरचा सुटा भाग वापरला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. मग अधिकृत केंद्राने स्वतःच्या हाताने केलेल्या कामामुळे बिघाड झाला तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तुमच्या लेखकाने एखाद्या कंपनीला विचारावा. मी विचारला, मला उत्तर मिळालेले नाही.

दोन चुकांची दुरुस्ती मात्र तुम्ही उद्याच छापायला हवी, कारण त्या जिवाशी खेळणाऱ्या आहेत. पहिली, छायाचित्राखालची ओळ. टायरच्या भिंतीवर कोरलेल्या आकड्याइतकी हवा भरा, असे तिथे म्हटले आहे. तो आकडा टायर जास्तीत जास्त किती दाब सोसतो याचा असतो. गाडीत किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते, आणि ती टायर थंड असताना मोजायची असते. कोरलेल्या आकड्यापर्यंत हवा भरली तर टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला नीट टेकतो, तोच झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

दुसरी चूक, ‘दिवा लागेपर्यंत हवा बघायची गरज नाही’. अमेरिकी नियमानुसार हवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर दिवा लागणे बंधनकारक आहे. म्हणजे ३३ ची हवा २५ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहिला तरी तो नियमात बसतो. तोवर टायरच्या दोन्ही कडा झिजत असतात आणि भिंत आतून तापत असते. नक्षी किती उरली हे तर तो दिवा कधीच सांगत नाही. त्यासाठी खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

जाता जाता स्टेपनीबद्दल. लेखात ‘ऐसपैस डिकी’चे कौतुक आहे. पुष्कळ गाड्यांत ती स्टेपनी काढून टाकल्यामुळे ऐसपैस झाली आहे, हे वाचकांना सांगा. तिच्या जागी डिंकासारख्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप मिळतो. नक्षीत घुसलेल्या खिळ्याचे भोक त्याने तात्पुरते बुजते, चिरलेल्या भिंतीला त्याचा काडीचा उपयोग नाही. बाटलीलाही मुदत असते आणि ती संपलेली कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या गाडीत पूर्ण मापाचे पाचवे चाक असते, तर मी ते लावून स्वतःच्या पसंतीच्या टायरवाल्याकडे गेले असते. गाडी उचलून त्या केंद्रात नेण्याची वेळच आली नसती. बारीक तात्पुरती स्टेपनी असली तरी तिच्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, आणि चारचाकी ताकदीच्या गाडीत तिचा घेरही पाहावा लागतो. गाड्यांच्या तुलनेचा जो तक्ता तुम्ही दर महिन्याला छापता, त्यात छतावरच्या काचेला रकाना आहे, स्क्रीनच्या इंचांना आहे. त्यात स्टेपनी आहे का आणि पूर्ण मापाची आहे का, असाही एक रकाना पुढच्या महिन्यापासून घालावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक