बारा अंड्यांचा हिशेब

धायरी, पुणे
२३ नोव्हेंबर

प्रिय शिवराम,
स. न. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा "सात पिल्लं आहेत, बरी आहेत" एवढंच बोललो आणि ठेवून दिला. काकी शेजारीच बसल्या असणार हे मला कळत होतं. जे सांगायचं होतं ते स्पीकरवर, त्यांच्यासमोर, तोंडातून निघालं नसतं. म्हणून सगळं लिहून काढतोय. आधी तू वाच, मग त्यांना वाचून दाखव. काही गाळू नकोस.

पाडव्याला काकींनी तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला, तेव्हा चितळी कोंबडीला मुंगसानं नेऊन चारच दिवस झाले होते. घरात अंडी उबवायला एकही कोंबडी खुडूक बसलेली नव्हती. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून डालग्यात घालून आणलेल्या कोंबडीचा हा वंश, आणि तो त्या बारा अंड्यांवर येऊन थांबला होता. "तुझ्या त्या मशिनीत बघ काय होतंय," एवढंच त्या म्हणाल्या. भोरपासून स्वारगेटपर्यंत डबा मांडीवर होता. भाताच्या तुसात अंडी निमुळतं टोक खाली करून उभी, मधोमध काकींनी ठेवलेला कोळशाचा तुकडा. गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून ठेवलेला तो कोळसा मी काढला नाही. पुढं मशीनमध्येही एका कोपऱ्यात तो तसाच ठेवला.

घरी आल्यावर लगेच अंडी उबवायला लावली नाहीत. गाडीच्या हादऱ्यांनी आतली हवेची पोकळी हलते, ती जागेवर बसायला एक दिवस लागतो. तोवर पेन्सिलीनं प्रत्येक अंड्यावर नंबर घातला, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सुमनच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वजन करून वहीत लिहिलं. एक नंबरचं ५२ ग्रॅम. गावरान अंडं ते, हातात घेतलं की मुठीत मावतं.

मशीन म्हणजे मासळीवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा खोका, स्वच्छ धुऊन चार दिवस उन्हात ठेवलेला. तपकीर गल्लीतून डिजिटल थर्मोस्टॅट आणला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आत बसवला आणि पंचवीस वॅटचे दोन बल्ब वेगवेगळ्या जोडणीनं लावले, एक गेला तरी दुसरा चालू राहावा. इतकी वर्षं कंपनीत इलेक्ट्रिशियनचं काम केलं, पण ही वायरिंग करताना जितक्या वेळा तपासली तितकी कुठलीच तपासली नसेल. तापमान ३७.५ अंश. आपल्या तापाच्या थर्मामीटरवर ते ९९.५ येतं, म्हणजे अंगात बारीक कणकण असावी तेवढी ऊब. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबायचं नाही म्हणून तापाचा थर्मामीटर खोक्यात ठेवून दोन्ही जुळवले. ओलाव्याच्या मीटरचीही परीक्षा घेतली: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्यानं ओलं करायचं, मीटरसोबत पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेवायचं. आत ७५ टक्के दिसायला हवेत. माझ्या मीटरनं ६८ दाखवले. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक आकड्यात सात मिळवत आलो.

दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची. फुली वर असेल तर गोल वर. नाही फिरवली तर आतला जीव वर तरंगून कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. वेळा विषमच ठेवायच्या, म्हणजे रात्रीच्या लांब पल्ल्यात रोज तीच बाजू वर येत नाही. काकींची कोंबडी पायानं अंडी सरकवायची ते आपण लहानपणी जमिनीला गाल लावून बघायचो, आठवतं? तेव्हा वाटायचं तिला नीट बसता येत नाही म्हणून ती चुळबुळ करते.

सातव्या रात्री दिवे मालवले. पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाईलचा टॉर्च त्यामागे धरला आणि बोथट टोक भोकावर टेकवलं. तीन आणि अकरा नंबर नितळ निघाले, नुसता पिवळा उजेड आणि बलकाची सावली. आठवडाभराच्या आतलं अंडं लावावं म्हणतात, ही दोन बहुधा सगळ्यात आधीची असावीत. पाच नंबरमध्ये रक्ताची एक लाल कडी दिसली, जीव धरून सुटलेला. पण बाकीची नऊ! शिवराम, पिंपळाचं पान वहीत ठेवून जाळीदार होतं ना, तशा लाल शिरा अख्ख्या अंड्याला वेढून होत्या. मधे एक काळा ठिपका, तो डोळा. आठ नंबरमधला ठिपका मी बघत असतानाच हलला. सुमनला हाक मारली, ती कणकेचे हात तसेच घेऊन आली आणि अंधारात माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तेराव्या दिवशी गुरुवार होता आणि आमच्या भागातली लाइट सकाळी गेली ती पाच तास आली नाही. इन्व्हर्टरवर बल्ब चालत होते, पण त्याची बॅटरी जुनी, दोन तासांत बसली. मग खोक्यावर गोधडी टाकली, आत गरम पाण्याच्या दोन पिशव्या अंड्यांपासून दूर ठेवल्या आणि झाकण उघडायचं नाही असं ठरवलं. आतलं तापमान ३२ पर्यंत उतरलं. थंडीची मला तितकी भीती नव्हती, कोंबडीही दाण्यापाण्याला उठते तेव्हा अंडी गार होतात. अंड्याला मारते ती उष्णता. पारा चाळिशीच्या वर काही वेळ राहिला तर संपलंच. म्हणून लाइट आल्यावर अर्धा तास खोक्यासमोरच बसलो, बल्ब जास्त तापवतात का ते बघत. नऊच्या नऊ जगली. फक्त पिल्लं निघायला एक दिवस उशीर झाला.

अठराव्या दिवशी पुन्हा वजन केलं. एक नंबर ५२ वरून ४६ वर आलेलं. तेवढं पाणी कवचातून उडून जावंच लागतं, तेव्हा कुठं वरची पोकळी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा मिळते. त्या दिवसापासून फिरवणं बंद. आत ओले स्पंज ठेवून ओलावा पन्नासवरून सत्तरवर नेला, अंड्यांखाली गोणपाट अंथरलं आणि झाकण लावलं. मोठ्या उबवणी केंद्रांत तर या शेवटच्या तीन दिवसांसाठी अंडी दुसऱ्याच मशीनमध्ये नेतात. खडकीच्या सरकारी केंद्रातून पूर्वी एकदा एक दिवसाची पिल्लं आणायला गेलो होतो, तेव्हा तिथल्या माणसानं बजावलं होतं, की अठराव्या दिवसानंतर तुमचे हात खिशात. मी मान डोलावली होती.

एकविसाव्या पहाटे खोक्यातून आवाज आला. अंडी अख्खी होती, कुठं चीर नव्हती, आणि आतून चिवचिव येत होती. पिल्लू आधी हवेच्या पोकळीचा पडदा फोडतं आणि तिथली हवा घेतं, तोवर ते कवचाखालच्या रक्तवाहिन्यांतून श्वास घेत असतं. मग चोचीच्या टोकावरच्या पांढऱ्या कठीण दाण्यानं कवचाला बाहेर खोक पाडतं. आणि मग थांबतं. बारा तास, कधी चोवीस तास. वरून बघणाऱ्याला वाटतं ते दमलं, अडकलं. आत मात्र राहिलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि कवचाच्या वाहिन्यांतलं रक्त अंगात परत जात असतं. ते पूर्ण झालं की पिल्लू गोल फिरत टोपी कापावी तसं कवच कापत जातं.

हे सगळं मला माहीत होतं. मी वाचलं होतं, वहीत लिहिलं होतं. तरीही रात्री दोन वाजता मी झाकण उघडलं.

सात नंबरला संध्याकाळी सहाला खोक पडली होती. आठ तास झाले, पुढं काही नाही. खोकेतून चोच दिसायची, उघडायची, मिटायची. आवाज बारीक होत चालला असं मला वाटलं. तेवढ्यात चार नंबर धडाधड बाहेर आलं आणि सातला धक्का देऊन गेलं, खोक असलेली बाजू खाली झाली. मी नुसतं अंडं सरळ करायला हात घातला. हातात आल्यावर मात्र नखानं कवचाचा एक तुकडा उचलला, मग दुसरा. तिसऱ्या तुकड्याबरोबर पापुद्रा फाटला आणि रक्ताचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर आला. थेंब केवढासा, पण तेवढ्या जीवाच्या अंगात रक्त असतं तरी किती? मी अंडं ठेवलं, झाकण लावलं आणि सकाळपर्यंत तिथंच बसलो. साडेपाचला त्याचा आवाज बंद झाला.

झाकण उघडं होतं तेवढ्यात ओलावा सत्तरवरून चाळीसवर आला होता. त्याचा फटका शेजारच्या दहा नंबरला बसला. त्यालाही खोक पडलेली होती आणि आतला ओला पापुद्रा वाळून कागदासारखा अंगाला चिकटला. बाकीची सहा दुपारपर्यंत आपापली बाहेर आली, दहा तसंच अडकलेलं. पापुद्र्यात कुठं लाल शीर उरली नाही हे टॉर्चनं बघितलं, मग कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसानं खोकेच्या कडा ओल्या करत राहिलो. टरफलाला नख लावलं नाही. रात्री नऊला ते बाहेर पडलं. त्याचे पाय दोन्हीकडं फाकत होते, म्हणून चिकटपट्टीची बारीक पट्टी करून दोन्ही पाय थोड्या अंतरानं बांधले, खाली घसरू नये म्हणून खरखरीत कापड टाकलं. चौथ्या दिवशी पट्टी काढली. आता ते इतरांच्या बरोबरीनं पळतं.

दोन नंबरला खोक पडलीच नाही. तेविसाव्या दिवशी उघडलं, आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसं आलेलं. त्याला आणि सात नंबरला मागच्या आवारात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. म्हणजे बारातली तीन आधीच गेलेली, एक आपलं आपण गेलं, आणि एक माझ्या हातानं गेलं. काकींना हे माझ्याकडून कळायला हवं होतं.

जी सात आहेत ती कशी आहेत ते सांगतो. पहिला दिवस त्यांना मशीनमध्येच वाळू दिलं. पोटात बलक असतो, दोन-तीन दिवस दाणापाणी नसलं तरी चालतं. मग पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात बल्बखाली, पहिला आठवडा ३५ अंशांवर. आता दर आठवड्याला तीन-तीन अंश उतरवणार. सगळी बल्बखाली गोळा झाली तर त्यांना गार वाटतंय, कडेला जाऊन चोची उघडून बसली तर गरम होतंय. पहिलं पाणी गुळाचं दिलं, काकींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे. पाण्याच्या बशीत खडे टाकलेत, नाहीतर बुडतात. मक्याचा बारीक भरडा आणि चिक स्टार्टर खातात. सातव्या दिवशी मानमोडी रोगावरची लासोटा लस, एकेक थेंब डोळ्यात, मीच घातला. हात थरथरू नये म्हणून सुमननं पिल्लू धरलं. आज सकाळी बघितलं तर बहुतेकांच्या चोचीवरचा तो पांढरा दाणा गळून गेलाय.

आणि काकींना हे आधी सांग: दोघांच्या पाठीवर तपकिरी पट्ट्या आहेत, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यावर तुऱ्याच्या जागी लव उभी राहते, चितळीची राहायची तशी. ते दहा नंबर. नर की मादी ते आत्ताच कळणार नाही, पण मी त्याला रोज हातात घेतो आणि ते ओंजळीत झोपतं.

पिसं नीट फुटून गार रात्र सोसायला अजून पाचेक आठवडे तरी लागतील. नाताळच्या सुट्टीत नात येईल, तिला घेऊन सातही भोरला आणतो, खर्च-बिर्च काही बोलू नकोस. तोवर खुराड्याच्या मागच्या फळीखालचं ते बीळ बुजव. मुंगूस तिथूनच आत आलं असणार. नुसती माती लोटून चालणार नाही, विटा आणि सिमेंट लाव, आणि दाराला बारीक जाळी मार. जाळी मी बोहरी आळीतून आणतो, मापं तेवढी कळव.

काकींना नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता