मिल्या, तुझ्या यादीतलं निम्मं खोडलंय

स्टुटगार्ट,
सप्टेंबरचा पहिला रविवार

प्रिय मिल्या,

तुझी यादी मिळाली. शनिवार-रविवारात टिटिझे तलाव, ट्रिबर्गचा धबधबा, कुकू घड्याळांचं दुकान, ओवीसाठी युरोपा पार्क, सीमेपलीकडचं कोल्मार, आणि सगळ्यात शेवटी पेन्सिलीने ‘वेळ उरला तर फ्रायबुर्ग’. अरे, वेळ उरला तर? ‘नऊ दिवसांत सात देश’वाल्या सहलींची सगळ्यात जास्त टिंगल कोण करायचं, ते मी अनघाला सांगायचं का?

तर मी काय केलंय ते ऐक. यादीतलं निम्म्याहून जास्त खोडलंय आणि ज्याला सगळे ‘हिरवं शहर’ म्हणतात ते फ्रायबुर्ग वर आणून ठेवलंय. दोन्ही दिवस तेच. युरोपा पार्कला एक अख्खा दिवस लागतो आणि खिसाही रिकामा होतो, त्यामुळे ते पुढच्या खेपेला बघू. कोल्मार सुंदर आहे, पण त्यासाठी वेगळा रविवार काढ. ट्रिबर्गचा धबधबा तिकीट काढून बघावा लागतो. पावसाळ्यात ठोसेघरला जाऊन आलेल्या माणसाने त्यासाठी अर्धा दिवस घालवू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. टिटिझेला मात्र फ्रायबुर्गहून पाऊण तासात गाडीने जाता येतं, तेव्हा ओवीने हट्टच धरला तर बघू.

जायचं कसं ते आधी सांगतो. मी सकाळी लवकर निघून कार्ल्सरुहला येतो, तिथून पुढे आपण एकत्र. तुझ्याकडे महिन्याचं डॉइचलांड-टिकिट आहेच. ते वेगवान आयसीई गाडीला चालत नाही, पण साध्या गाडीने ऑफेनबुर्गमार्गे दोनेक तासांत पोहोचतो आपण. अनघा आणि ओवी पंधरा दिवसांसाठीच येतायत, त्यांच्यासाठी बाडेन-वुर्टेम्बर्ग टिकिट काढ. दिवसभराचं असतं, पाच जणांपर्यंत एकच काढता येतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं आणि गावातल्या ट्राममध्येही चालतं. गाडी उशिरा येणार हे गृहीत धर, म्हणजे आली की आनंद होतो. आणि तुझं ते महिन्याचं तिकीट पुढच्या महिन्यात नको असेल तर या महिन्याच्या 10 तारखेच्या आत बंद करावं लागतं, नाहीतर पैसे कापले जातात. हे तुला ऑफिसात कोणी सांगितलं नसणार.

गाडीत उजव्या हाताच्या खिडकीला बसा. फ्रायबुर्ग जवळ आलं की सपाटीवर एकटाच उठलेला डोंगर दिसतो, द्राक्षमळ्यांनी भरलेला. तो काइझरश्टूल. त्याच्या पलीकडे ऱ्हाईनच्या काठाला व्हील नावाचं खेडं आहे. तिथे अणुवीज प्रकल्प यायचा होता. फेब्रुवारी 1975 मध्ये आसपासचे शेतकरी, द्राक्षवाले आणि फ्रायबुर्गचे विद्यार्थी त्या जागेवर जाऊन बसले आणि महिनोन्महिने हलले नाहीत. कूलिंग टॉवरच्या वाफेने हवा बदलेल, ऊन कमी पडेल आणि द्राक्षं जातील, ही त्या शेतकऱ्यांची भीती. जैतापूरच्या वेळी आपल्याकडचे आंबा बागायतदार काय म्हणत होते ते आठव. तिथे प्रकल्प शेवटी गुंडाळला गेला. फरक असा, की ‘नको’ म्हणून झाल्यावर ती मंडळी घरी गेली नाहीत. मग वीज आणायची कुठून, या प्रश्नाला लागली. 1977 मध्ये फ्रायबुर्गात ओको-इन्स्टिट्यूट ही पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था निघाली, 1981 मध्ये फ्राउनहोफर या संशोधन संस्थेची सौरऊर्जेची शाखा आली, आणि 2002 मध्ये गावाने ग्रीन पक्षाचा महापौर निवडून दिला. इतक्या मोठ्या जर्मन शहरात तो पहिलाच. हे ‘हिरवं शहर’ प्रकरण झाडं लावण्यापासून नाही, असल्या भांडणापासून सुरू झालंय, म्हणून मला ते जास्त आवडतं.

स्टेशनवर उतरलास की फलाटावरूनच जिने चढायचे, वर पुलावर ट्रामचा थांबा. पण आपण पहिल्यांदा चालतच जाऊ, दहा मिनिटांत जुन्या गावात पोहोचतो. शनिवार आहे, म्युन्स्टर म्हणजे तिथलं मोठं चर्च, त्याच्या भोवतीचा बाजार दुपारी दीड-दोनच्या सुमाराला आवरायला लागतो, त्यामुळे आधी तिकडे. चर्चच्या उत्तरेला आसपासचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात, दक्षिणेला व्यापारी. भाजी, फळं, मध, चीज उत्तरेकडून घ्यायचं. सप्टेंबरअखेर म्हणजे भोपळे आणि नवी द्राक्षं. तुला सॉसेज खायचं असेल तर ‘लांगं रोटं’ घे, हातभर लांब असतं आणि पावाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतं. विकणारा एकच प्रश्न विचारेल, कांदा घालून की बिनकांद्याचं. अनघाने उपाशी राहायचं कारण नाही. टोफू बनवणारी तैफून ही कंपनी याच गावातली, त्यामुळे शाकाहारी माणसाकडे इथे कोणी दयेने बघत नाही.

आता ज्यासाठी मी तुला खरं तिथे नेतोय ते. म्युन्स्टरचा मनोरा 116 मीटरचा आहे, साधारण 1330 मध्ये पुरा झाला, त्याचं टोक दगडाच्या जाळीचं आहे, आत आकाश दिसतं. ते सगळे बघतात, तूही बघ. पण आत शिरण्याआधी मनोऱ्याखालच्या देवडीत थांब आणि भिंत नीट बघ. दगडात गोल, लांबट असे आकार कोरलेत आणि शेजारी सालं: 1270, 1317, 1320. ती पावांची मापं आहेत. त्या-त्या वर्षी पाव केवढा असला पाहिजे, ते देवाच्या दारात कोरून ठेवलेलं. बाहेर बाजार भरायचा, कोणाला पाव लहान वाटला तर इथे आणून भिंतीला लावून बघायचा. धान्याची मापं आहेत, कापडाचा गज आहे. गिऱ्हाईक भांडायला लागलं तर भिंतीकडे बोट दाखवायचं, बस्स. मी प्रत्येक पाहुण्याला तिथे उभं करतो आणि बहुतेक जण ‘हो हो’ म्हणून मनोऱ्याचा फोटो काढायला जातात. तू तसं करणार नाहीस. दक्षिणेच्या बाजूला वर एक पन्हळीचा पुतळा आहे, तो ढुंगण करून उभा आहे आणि पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. तो ओवीला दाखव, दिवसभराचं काम होईल.

हा मनोरा आपल्याला दिसतो हेच नवल आहे. 27 नोव्हेंबर 1944 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी गाव जाळलं, अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, चर्चच्या अवतीभवती ढिगारे आणि मनोरा मात्र उभा. नंतर बांधताना त्यांनी रुंद रस्ते काढले नाहीत, जुन्या गल्ल्यांच्या आखणीवरच गाव पुन्हा उभं केलं. त्या काळात जर्मनीतली बरीच शहरं मोटारींसाठी मोकळी होत होती, तेव्हा हे मागासलेपण वाटलं असणार. पण 1973 च्या सुमाराला जुन्या गावातून मोटारी बाहेर काढायच्या ठरल्या तेव्हा गल्ल्या आधीच चालण्याजोग्या होत्या. ट्रामही त्यांनी उखडली नव्हती. ती आजही मार्टिन्सटोर या जुन्या वेशीच्या कमानीखालून जाते.

गल्ल्यांच्या कडेने जे पाणी वाहतं ते बेख्ले. ड्राइझाम नदीचं पाणी, वीतभर खोल, उघड्या दगडी पन्हळीतून खळखळत गावभर फिरतं. आग विझवायला, गुरांना पाजायला म्हणून मध्ययुगात काढलेलं. लाकडी होड्या विकत मिळतात, दोरी बांधलेल्या. ओवीला एक घेऊन दे आणि तिचे जास्तीचे मोजे बरोबर ठेव. या पाण्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं म्हणतात. तुझं झालंय, तरी जपून चाल.

दुपारी जेवून ट्राम पकडायची, 3 नंबर, वोबाँ या वस्तीला जाणारी. इथे मला तुझे तीन-चार तास हवेत. तू आयुष्यभर पुण्यात पार्किंगचे आराखडे काढतोयस ना, मग हे तुझ्याच कामाचं. पूर्वी इथे फ्रेंच सैन्याच्या बराकी होत्या, 1992 मध्ये सैन्य गेलं आणि जागा नगरपालिकेकडे आली. नाव मात्र तेच राहिलं, चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनिअर वोबाँ याचं. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात. ट्रामचे रूळ गवतात आहेत, बराकींच्या वेळची मोठी झाडं तोडलेली नाहीत, आणि आतल्या गल्ल्यांत एकही गाडी उभी नाही. सामान उतरवायला आत जाता येतं, चालण्याच्या वेगाने, आणि उतरवलं की बाहेर. पोरं रस्त्याच्या मधोमध खडूने चित्रं काढत असतात. तुला आधी वाटेल कुठल्या तरी सणाची सुट्टी आहे.

हे चालतं कसं ते ऐक. इथल्या राज्याच्या कायद्याने प्रत्येक घराला पार्किंगची एक जागा लागतेच. मग त्यांनी काय केलं, जागा घरापासून तोडली. गाडी असेल तर वस्तीच्या टोकाला सार्वजनिक गॅरेज आहे, छतावर सौर पत्रे, तिथे हजारो युरो मोजून जागा विकत घ्यायची. गाडी नसेल तर तसं लिहून द्यायचं आणि एका मोकळ्या जमिनीच्या तुकड्यात एकदाच थोडे पैसे भरून हिस्सा ठेवायचा. उद्या सगळ्यांनी गाड्या घेतल्याच तर त्या तुकड्यावर गॅरेज बांधता येईल, म्हणजे कायद्याचंही समाधान. तोपर्यंत तिथे गवत. ज्याला गाडी हवी त्याने तिची खरी किंमत द्यायची, आणि गाडीपेक्षा ट्रामचा थांबा घराजवळ! आपल्याकडे बिल्डर फ्लॅटबरोबर पार्किंग गळ्यात मारतो आणि तरी गाडी रस्त्यावर. तू म्हणशील, पुण्यात लोक खोटं लिहून देतील. इथेही सुरुवातीला काहींनी शेजारच्या वस्तीत गाड्या लावून बघितल्याच असतील, माणूस सगळीकडे सारखाच. यावर वाद घालायला मला तू हवा आहेस.

जवळच रोल्फ डिश या वास्तुविशारदाची सौर घरं आहेत, रंगीबेरंगी, वापरतात त्याहून जास्त वीज तयार करणारी. त्याचं स्वतःचं घर, हेलिओट्रोप, 1994 चं, सूर्याबरोबर गोल फिरतं. ते मला जरा हौसेचं वाटतं. गॅरेजची युक्ती मात्र कोणालाही परवडेल.

संध्याकाळी परत गावात, श्वाबेनटोर या दुसऱ्या वेशीपासून श्लोसबर्गच्या टेकडीवर चढायचं. ओवी दमली असेल तर छोटी रेल्वे वर नेते. सूर्य मावळला की डोंगराच्या घळीतून गार वारा गावात उतरतो, रोजचा ठरलेला, म्हणून दिवसा उकडलं तरी जाकीट घ्या. सप्टेंबरअखेर नवी, अर्धी आंबलेली वाइन मिळते, तिच्याबरोबर कांद्याचा केक खातात. गोड लागते म्हणून भसाभस पिऊ नकोस, डोक्यात उशिरा जाते.

रविवारी शाउइन्सलांडचा डोंगर. 2 नंबर ट्रामने ग्युन्टर्स्टाल, पुढे 21 नंबर बस, मग रोपवे. 1930 पासून चालू आहे, साडेतीन किलोमीटरहून लांब, 1284 मीटरच्या डोंगरावर नेतो. याचं तिकीट वेगळं. वर वाऱ्याने एका बाजूला वाकलेली बीचची झाडं आहेत, हवा स्वच्छ असली तर आल्प्स दिसतात. या डोंगराच्या पोटात चांदीच्या खाणी होत्या, आदल्या दिवशी बघितलेल्या म्युन्स्टरचा पैसा बराचसा इथला. 1954 पर्यंत काही ना काही खणत होते. खाणीत आत नेऊन दाखवतात, हेल्मेट घालून. तुला गुडघ्याची तक्रार असेल तर मी ओवीला घेऊन जाईन. पाऊस लागला तर वर जाण्यात अर्थ नाही, मग आउगुस्टिनर संग्रहालय, म्युन्स्टरचे मूळ दगडी पुतळे तिथे हाताच्या अंतरावरून बघता येतात.

राहायचं वोबाँमध्येच बघतोय. ग्रीन सिटी हॉटेल म्हणून आहे, तिथे दिव्यांग कर्मचारी बरोबरीने काम करतात, आणि सकाळी तुला पार्किंगचा अभ्यास करायला पुन्हा एक फेरी मारता येईल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोल्या पटकन जातात, तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव. अनघाला विचारून कळव, स्वतःच्या मनाने नाही.

तुझाच,
सच्या

ता.क. रविवारी दुकानं सगळी बंद असतात. शनिवारच्या बाजारातून पाव, चीज, फळं घेऊन ठेवू, पण अनघाने भाजणी आणली असेल तर शुक्रवारी रात्री थालीपिठं थापून घ्या. दही मी आणतो.