गावच्या घराचा पत्ता टाकू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जनगणनेची चर्चा सुरू झाल्यापासून आमच्या गावमंडळाच्या ग्रुपवर एक निरोप फिरतो आहे. या वेळी स्वगणनेची सोय आहे, फॉर्म मोबाईलवरून भरता येतो, तर मुंबई-ठाण्यातल्या सगळ्यांनी गावचा पत्ता टाका, सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढवा! चाकरमान्यांनो, हा उद्योग करू नका.

मी ठाण्यात शिक्षक होतो. २०११ साली प्रगणक म्हणून किसननगरच्या चाळी पालथ्या घातल्या. फॉर्मात जन्मस्थान, आधीचं वास्तव्य आणि ते सोडण्याचं कारण असे रकाने होते. मालवण, देवगड, कुडाळ, कणकवली लिहून लिहून बोटं दुखली. कारण पुरुषांपुढे बहुतेक 'नोकरी', बायकांपुढे 'लग्न'. मोजणीचे सगळे दिवस जो घरी नसतो, त्याला त्या घरात धरत नाहीत. आणि मोजणी फेब्रुवारीत, म्हणजे ना गणपती, ना मे महिना. आंगणेवाडीची जत्रा त्या सुमारास येते खरी, पण ओटी भरून रात्रीच्या गाडीने परतणाऱ्याला गावचा रहिवासी कसा म्हणणार?

तेव्हा सिंधुदुर्ग भरला ८,४९,६५१, राज्यात सर्वांत कमी. २००१ मध्ये ८,६८,८२५ होता. त्याच मोजणीत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच) १ कोटी १० लाखांवर जाऊन देशात पहिला आला. सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. हा आकडा भाषणांतून अभिमानाने सांगतात तेव्हा मला हसू येतं. तिकडचे बाप्ये इथे वागळे इस्टेटच्या शिफ्टला होते!

निरोपामागची धास्ती मला कळते. जिल्ह्याला आमदार तीन, खासदार रत्नागिरीशी वाटून. लोकसंख्येवरून होणाऱ्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत तेवढे तरी राहतील का? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा विषयही अधूनमधून निघतोच. पण पाणी आपण इथलं पितो, लोकलमध्ये इथे लोंबकळतो, मुलं इथल्या शाळेत घालतो. खोटा पत्ता टाकून ठाण्याचंही नुकसान आणि गावात शिक्षक येणार नाही तो नाहीच.

मागायचं ते उघड मागावं. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा काढला, ओरोसला नवं मुख्यालय वसवलं, ते कारभार जवळ यावा म्हणूनच ना? ५,२०७ चौरस किलोमीटर, आठ तालुके, आणि चौरस किलोमीटरला माणसं १६३. राज्याची सरासरी ३६५. आमच्या एका गावात मधलीवाडी ते गावडेवाडी मध्ये व्हाळ (ओढा) आणि घाटी. पावसात पोराने शाळेत जायचं कसं? दोडामार्गचा पेशंट तर ओरोसऐवजी गोव्यात बांबोळीला नेतात. आरोग्य उपकेंद्राला सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्या धरतात. म्हणजे जमीन बघून निकष बदलता येतो, हे सरकारला ठाऊक आहे. मग शिक्षक, तलाठी, एसटीची फेरी हेही वाड्या आणि अंतर बघून द्या. तिन्ही आमदारांनी हे सभागृहात मांडावं. मागच्या वेळी स्थलांतराचे तक्ते हाती यायला कित्येक वर्षं लागली, या वेळी ते आधी मागून घ्यावेत.

मंडळाला काही करायचंच असेल, तर गावी एकट्या राहणाऱ्या आई-काकींची यादी करून सरपंचांकडे द्या. दुपारी म्हातारी काजूच्या बागेत असते, दाराला कडी बघून प्रगणक पुढे निघून जायला नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, किसननगर, ठाणे (प.)