सर्व्हे नंबरागणिक नियोजन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातील कलम ३९-एखाली जमिनीचा झोन (वापराचा विभाग) बदलण्याच्या सूचना राजपत्रात येतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचायला मिळतात. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि पुढे ‘ऑर्चर्डचे सेटलमेंट’, म्हणजे बागायतीच्या जमिनीची वस्तीची, बांधकामाची जमीन. हरकतींसाठी तीस दिवस. एवढ्या माहितीवरून त्या जागेला पाणी कुठून मिळणार, रस्ता किती रुंद आहे, पावसाळ्यात त्या उतारावरचे पाणी कोणाच्या शेतात जाते, शेजारच्या सर्व्हे नंबराचाही अर्ज आला आहे काय, यातले काहीच कळत नाही. मग हरकत घ्यायची ती कशाच्या आधारावर? जमीन कोणाची आणि मंत्री कोण यावर चर्चा भरपूर होते, ती व्हावीच. मला मात्र त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे: कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा म्हणून गोव्याला काही उरला आहे का?

हा आराखडा आपल्याला फुकट मिळालेला नाही. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला, डोंगरमाथे आणि शेते सेटलमेंटच्या रंगात दिसू लागली, आणि लोक रस्त्यावर आले. गोवा बचाव अभियान त्यातूनच उभे राहिले. जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंह राणे सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढे दिगंबर कामत सरकारच्या काळात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा समावेश असलेले कृती दल नेमले गेले आणि ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार झाला. त्याचा मसुदा पंचायतींकडे गेला, गावोगावी नकाशे पसरून माणसे आपापली खाजने (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेते), झरी, देवस्थानाच्या जागा त्यावर शोधत बसली. भातशेती, खाजने अशा जागा इको-१ या राखून ठेवायच्या विभागात आल्या. लोकांना विचारून राज्याचा नकाशा काढण्याचा एवढा मोठा प्रयत्न देशात फारसा कुठे झाला नसावा.

त्यात चुका राहिल्या हेही खरेच. पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले घर नकाशात ऑर्चर्डमध्ये गेले, अशी गावकऱ्यांची गाऱ्हाणी होती, अजूनही आहेत. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने आराखडा स्थगित ठेवला तेव्हा तो दुरुस्त होऊन येईल असे वाटले होते. आली ती कायदा दुरुस्ती, एकामागून एक. २०१८ मध्ये कलम १६-बी, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-ए. आकडे बदलले, रीत तीच: मालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या तुकड्यापुरता झोन बदलायचा. १७(२) तर ‘अनवधानाने झालेली चूक’ सुधारण्यासाठी होते म्हणे. अनवधान नेमके विकायला काढलेल्या मोठमोठ्या भूखंडांवरच का झाले असावे, हे कोडे मला सुटलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी १७(२) खालचे नियम रद्द ठरवले आणि कलमाचा अर्थही आवळून दिला. तुकड्यातुकड्याने बदल करून मूळ आराखड्याचीच मोडतोड करता येणार नाही, असा त्या निवाड्याचा रोख होता. तो रोख ३९-ए ला का लागू पडू नये?

सरकारचे म्हणणे असे की ३९-ए मध्ये जनतेला हरकत घ्यायची सोय आहे. आहे, पण हरकत एका सर्व्हे नंबरापुरती. आणि तेथेच खरी मेख आहे. एका भूखंडाचा झोन बदलला तर गाव बुडत नाही, हे कोणीही पटवून देईल. त्याच गावात त्याच वर्षी असे वीस भूखंड निघाले तर एकूण भार मोजायला कोण बसले आहे? तिळारी धरणाचा कालवा फुटला की बार्देश तालुक्यात नळाला थेंब नसतो, तरी बार्देशातल्या प्रत्येक अर्जाचा विचार स्वतंत्र. वर डोंगर कापला की खाली खाजनात माती येते, पण डोंगर एका पंचायतीत आणि खाजन दुसरीत. प्रादेशिक नियोजन करतात ते याच गोष्टींसाठी.

दुसरी गोष्ट संस्थांची. १९७४ च्या नगर नियोजन कायद्याखालच्या मंडळाचे अध्यक्ष खात्याचे मंत्री. अर्ज त्यांच्याच खात्यात, शिफारस त्यांच्याच मंडळाची, मंजुरी सरकारची. पंचायतीकडे फाईल येते ती सगळ्यात शेवटी, झोन बदलून, जमीन बिगरशेती करण्याची सनद निघून, नगर नियोजन खात्याचा तांत्रिक दाखला जोडून. तेव्हा परवाना नाकारला तर अपील पंचायत संचालनालयाकडे, म्हणजे पुन्हा सरकारी खात्यातच. सरपंचाला दोष देणे सोपे आहे. त्याच्या हाती उरते काय?

संविधानात याची वेगळी वाट सांगितलेली आहे. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या कलम २४३-झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायतींचे आणि पालिकांचे आराखडे एकत्र करायचे, आणि ते करताना जागेचे नियोजन, पाण्याची व नैसर्गिक साधनांची वाटणी, पर्यावरण रक्षण हे पाहायचे. समितीचे निदान चार पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावे लागतात. झोन बदलावरून एवढे रण माजले, त्यात कुठे या समितीचे नाव तरी आले का? जिल्हा पंचायत निवडणुकीत तर उमेदवार रस्ते-गटारांवरच बोलतात.

विसंगती आणखी एक. २०२३ मध्येच सरकारने भातशेतीची जमीन बिगर शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. चांगला कायदा आहे. शेत राखायचे आणि त्याच्या भोवतीचे ऑर्चर्ड, उतार, झरीच्या वरचे रान एकेक करून सोडून द्यायचे, असे मात्र चालत नाही. पाणी बंद झाले की शेत आपोआप पडीक होते, मग तेही ‘विसंगत झोन’ म्हणून अर्जात येते.

माझे म्हणणे एवढेच आहे. स्वतःच्या जुन्या घराची चूक सुधारून घेणाऱ्या गावकऱ्यासाठी वेगळी, छोट्या क्षेत्राची मर्यादा घातलेली सोय ठेवा. बाकी सगळे झोन बदल नव्या आराखड्यातच व्हावेत, आणि तो जिल्हा नियोजन समित्यांमार्फत गावांकडून वर यावा. ज्या आराखड्याच्या नावातच २०२१ आहे तो अजून किती वर्षे ठिगळे लावून वापरणार?

हे व्हायला वेळ लागेल हे मलाही कळते. तोवर निदान प्रत्येक सूचनेबरोबर सर्व्हेचा नकाशा आणि त्या गावात आधी मंजूर झालेल्या बदलांची एकूण बेरीज पंचायतीच्या फलकावर लावावी, आणि तीस दिवसांची मुदत ग्रामसभा झाल्यानंतर मोजावी. ग्रामसभा तीन महिन्यांनी भरते, हरकतीची मुदत महिन्याची. याचा हिशेब नगर नियोजन खात्याने एकदा जाहीरपणे मांडून दाखवावा.

आपला,
एक वाचक, म्हापसा