शिक्षिकांना एकदा विचारून तर पाहा! : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, राज्यभर शिक्षिकांचे सत्कार होतात. त्याला माझी हरकत नाही. मात्र त्याच आठवड्यातल्या आणखी एका तारखेकडे आपले लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

५ ते ८ जानेवारी १९२७ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात स्त्रियांची एक अखिल भारतीय परिषद भरली. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या आणि विषय एकच होता, शिक्षणातील सुधारणा. आज अखिल भारतीय महिला परिषद म्हणून ओळखली जाणारी संस्था यातूनच उभी राहिली. तिच्या जन्माला एक सरकारी अधिकारी निमित्त झाला होता, हे आपल्याला विशेष वाटेल. बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांनी १९२६ मध्ये कलकत्त्याच्या बेथून कॉलेजातील बक्षीस समारंभात सांगितले, की मुलींना कसले शिक्षण हवे ते स्त्रियांनीच एकमुखाने सांगावे आणि मिळेपर्यंत सांगत राहावे. (प्रेसिडेन्सी कॉलेजात १९१६ साली ज्यांच्यावरील हल्ल्याच्या प्रकरणात सुभाषबाबूंना कॉलेज सोडावे लागले, तेच हे ओटन, पण हा सल्ला मात्र त्यांनी लाखमोलाचा दिला.) बेथूनच्या माजी प्राचार्या ह्यूडेकोपर यांनी तो ‘स्त्रीधर्म’ मासिकातून पुढे नेला, आणि स्त्री-चळवळीतल्या आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांनी ठिकठिकाणच्या स्त्रियांना पत्रे लिहून स्थानिक समित्या नेमण्याची व परिषदा भरवण्याची विनंती केली.

या संस्थेची खरी ताकद तिच्या बांधणीत होती. आधी गावोगावच्या परिषदा भरल्या, तेथे चर्चा होऊन ठराव झाले आणि मग ते ठराव घेऊन निवडक प्रतिनिधी पुण्याला आल्या. प्रतिनिधी होत्या ५८, तर ऐकायला आलेल्यांची संख्या दोन हजारांच्या वर होती. प्रतिनिधींमध्ये शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. शिक्षणाचा विचार करताना त्यांना बालविवाहाचा प्रश्न टाळता येईना, कारण मुलगी शाळेतून जायची ती बहुधा लग्नासाठीच. म्हणून संमतिवय (शरीरसंबंधाला संमती देण्याचे कायदेशीर किमान वय) वाढवण्याच्या हरिसिंह गौर यांच्या विधेयकालाही परिषदेने पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी दिल्लीला भोपाळच्या बेगमसाहेबांच्या अध्यक्षतेखाली दुसरे अधिवेशन झाले, १९३० मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि तिने उभ्या केलेल्या निधीतून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज सुरू झाले.

या परिषदेला डोक्यावर घेऊन नाचावे असे मी म्हणत नाही. व्यासपीठावर राण्या आणि बड्या घरच्या स्त्रिया होत्या, खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईचा आवाज तेथे फारसा पोचला नसावा, आणि मुलींचे शिक्षण संसाराला पूरक असावे हा सूरही ठरावांत होता. तरीही ठराव खालून वर जात होते, ही गोष्ट मोलाची आहे.

आज आमच्या केंद्रातही, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातही, दरमहा ‘शिक्षण परिषद’ भरते. नाव तेच, पण प्रवाह उलटा. केंद्रप्रमुख वरून आलेल्या सूचना वाचून दाखवतात, ऑनलाइन माहिती कोणाची राहिली त्यांची नावे घेतली जातात, पोषण आहाराच्या नोंदी तपासल्या जातात, आणि बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाचा विषय निघाला की चहा येतो. मुली सातवीनंतर का गळतात, शाळेतल्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही, दुर्गम शाळेवर एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेने काय करावे, हे प्रश्न तेथे निघत नाहीत असे नाही. निघतात, पण इतिवृत्तात येत नाहीत. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, मात्र राज्यघटनेनुसार तेथे मत माध्यमिक आणि त्यावरील शिक्षकांनाच असते. संघटना आहेत, त्यांनी मोठे लढे दिले आहेत, पण त्यांच्या पदाधिकाऱ्यांच्या याद्या आपण एकदा नजरेखालून घालाव्यात. बायकांची नावे बहुधा ‘महिला आघाडी’ या मथळ्याखालीच सापडतील.

घटनादुरुस्ती आपल्या हाती नाही, याची मला जाणीव आहे. शासन निर्णय मात्र आहे. प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा शिक्षिकांची परिषद भरावी, तिचा विषय, अध्यक्ष आणि प्रतिनिधी शिक्षिकांनीच ठरवावेत, आणि तेथे संमत झालेले ठराव जिल्ह्यामार्फत शिक्षण संचालनालयाकडे जावेत. संघटनांच्या अधिवेशनांना मिळते तशी विशेष नैमित्तिक रजा या परिषदेलाही मिळावी. आम्हाला अनुदान नको, मंडप नको. फक्त प्रत्येक ठरावावर शासनाने तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे. मागणी अमान्य असेल तर कारणासह नकार द्यावा, तोही चालेल.

असा निर्णय निघाला, तर पहिल्या परिषदेसाठी ५ जानेवारी ही तारीख सुचवते.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा