चाचा, बत्तासा आता चारही पाय देतो

आदरणीय चाचा,
सलाम.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हणून हे वाचून दाखवायला तुमच्या नातीला सांगितलंय. चार लोकांसमोर लिहितेय, कारण आमच्या जखमी शिंगराला शिकवण्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि तोंडावर आभारही मानू दिले नाहीत.

लग्नसराई संपता संपता वाईजवळच्या रस्त्यावर ते शिंगरू सापडलं. गुडघा फुटलेला, बरगड्या वर आलेल्या. पोलिसांत नोंद करून आम्ही ते घरी आणलं. चार वर्षांचं आहे, वरातीत नाचायचं, असं लोक सांगत होते. कपाळावर पांढरी चांदणी, म्हणून त्याचं नाव बत्तासा ठेवलं. पुढं काय करायचं ते मात्र आम्हाला कळत नव्हतं. मिरज स्टेशनबाहेर आयुष्यभर टांगा हाकलेले तुम्ही, कुणीतरी तुमचा नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तुम्ही हजर.

तुम्ही त्याचा ओठ वर केलात. "सगळे दुधाचे दात आहेत बेटी. दोन वर्षंही पुरी नाहीत." मग माझं बोट धरून त्याच्या पुढच्या आणि दाढेच्या दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर टेकवलंत. तिथं एक कडक गाठ लागली. काटेरी लगामाची खूण होती ती. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत असल्या लगामाला बंदी आहे, तरी तो वापरणारे वापरतातच. ती गाठ अजून माझ्या बोटाला आठवते. त्याच दिवशी तुम्ही सुती दोरीची म्होरकी वळून दिलीत आणि सांगितलंत, तोंडात लोखंड नाही, पाठीवर खोगीर नाही. "पाठ पिकू दे." घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच वर्षं उलटेपर्यंत चालते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही ते एका वाक्यात सांगून मोकळे झाला होतात.

सगळ्यात कठीण गेले ते पाय. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात, आणि हा तर मागच्या पायाला हात लावला की लाथ झाडायचा. तुम्ही खांद्यापासून हात फिरवत खाली यायचात, घोट्याशी थांबायचात आणि तो पाय ओढायच्या आत स्वतःच हात काढून घ्यायचात. पहिले कितीतरी दिवस पाय उचललाच नाही. मी घाई केली की म्हणायचात, "त्यानं ओढल्यावर सोडलंस तर ओढायला शिकेल. शांत असताना सोड." डावा मागचा पाय त्यानं आपणहून हातात दिला, तेव्हा तुम्ही श्वास घेईपर्यंतच धरलात आणि अलगद खाली ठेवलात. मला रडू आलं होतं, चाचा.

आणि मी चुकले तो दिवस. गणपतीत त्याला लोखंडी खांबाला पक्की गाठ मारून मी आत गेले, आणि बाहेर फटाका वाजला. मान सोलवटून निघाली. तुम्ही आलात, एक शब्द बोलला नाहीत. एका झटक्यात सुटेल अशी गाठ मला वीस वेळा मारायला लावलीत, मग हातात हळदीचा लेप दिलात आणि म्होरकी घालण्यापासून पुन्हा सगळं सुरू केलंत.

त्याच्यासाठी नवं घर शोधतानाही तुम्हीच आडवे उभे राहिलात, त्याचे आभार सगळ्यात मोठे. पहिल्याला वरातीसाठी हवा होता. दुसऱ्यानं डोळ्याखालचा केसांचा भोवरा बघितला, असला घोडा मालकाला रडवतो म्हणाला आणि निघून गेला. मी हिरमुसले. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. भोवरा बघणारा पाय बघत नाही." तिसरं कुटुंब चांगलं होतं, पण त्यांच्याकडे दुसरा घोडा नव्हता. एकटा घोडा झुरतो म्हणून त्यांनाही नाही म्हणायला लावलंत. तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते. माफ करा.

मग फलटणकडचं ते शेतकरी जोडपं आलं. त्यांच्याकडे म्हातारी घोडी आहे. तिची जोडीदारीण गेल्यापासून ती चंदीला तोंड लावत नव्हती. रात्री पोट दुखलं तर त्याला चालवत कोण जागणार, असं तुम्ही विचारलंत. "आळीपाळीनं," दोघं एकदम म्हणाले. तुम्ही होकाराची मान डोलावलीत.

खच्चीकरण, धनुर्वाताची लस ही कामं आधीच झाली होती. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी रक्त हिसारच्या प्रयोगशाळेत गेलं, अहवाल आला. टेम्पोत तुम्ही पाचट अंथरलंत, पाय घसरू नये म्हणून. चार दिवस त्याची चंदी त्याच टेम्पोत ठेवली होती, त्यामुळं निघायच्या दिवशी तो आपल्या पायांनी फळीवर चढला.

परवा तिकडून फोन आला. घोडी आता त्याच्या शेजारी उभी राहून खाते. त्यांच्या मुलीनं डाव्या मागच्या पायाशी नुसता हात नेला तर त्यानं तो उचलून दिला. पुढच्या महिन्यात खूर कापायचे आहेत आणि तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलंय.

एसटीनं नका येऊ. मी गाडी घेऊन मिरजेला येते.

तुमची बेटी,
वाई